तान्ह्या पोळ्याचा नंदी, बाजारातली खेळणी आणि त्यांतलं शिसं: कायदा आपल्या गावापर्यंत कसा आणायचा?

वर्धाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पोळा तोंडावर आला की आपल्याकडच्या आठवडी बाजारात दोन रांगा लागतात. एकीकडे तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं ओढतात ते लाकडी नंदी, दुसरीकडे ताडपत्रीवर ओतलेली प्लास्टिकची खेळणी: पिपाण्या, बाहुल्या, मऊ बदकं, चावीच्या गाड्या, बंदुका. मागच्या बाजारात मी मुद्दाम थांबून ही खेळणी उलटीपालटी करून पाहिली. ताडपत्रीवरच्या खेळण्यांवर ना कंपनीचं नाव, ना पत्ता, ना आयएसआयचं चिन्ह. नंद्याच्या शिंगाला नख लावलं तर लाल रंगाचा पापुद्रा सुटून बोटाला चिकटतो. आणि दीड-दोन वर्षांच्या लेकराच्या हाती नंदी दिला की ते पहिलं शिंगच तोंडात घालतं, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून कायदा वाचून काढला. २५ फेब्रुवारी २०२० ला केंद्र सरकारने खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी असलेलं खेळणं, मग ते देशात बनलेलं असो की बाहेरून आलेलं, भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याशिवाय आणि आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. त्याआधी मानकं होती, पण देशात बनणाऱ्या मालाला ती पाळायची सक्ती नव्हती.

म्हणजे पाच वर्षं उलटून गेली. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये छापे पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मग तालुक्याच्या बाजारात हा कायदा का पोचत नाही? तक्रार कोणाकडे करायची? आणि आपल्या गावातल्या सुतारकाकांनी बनवलेला नंदी या आदेशात येतो का? त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण निनावी प्लास्टिक बंद झालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जाणकारांनी लिहावं.

प्रयोगवही

ताई, विषय फार गरजेचा काढलात. मी अमरावतीकडे शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. तपासणीत नेमकं काय पाहतात ते सांगतो, कारण लोकांना वाटतं वास आला म्हणजे विषारी आणि वास नाही म्हणजे चांगलं. शिशाला वास नसतो. कॅडमियमला नसतो.

खेळण्यांचं मानक म्हणजे आयएस ९८७३. त्याचे बरेच भाग आहेत. पहिला भाग धारदार कडा, गिळले जातील असे सुटे तुकडे वगैरेंचा, दुसरा पेट घेण्याबद्दलचा. आपल्या कामाचा तिसरा आणि नववा. तिसऱ्या भागात आठ धातूंची मर्यादा दिली आहे: एक किलो रंगामागे किंवा पदार्थामागे विरघळणारं शिसं ९० मिलिग्रॅम, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा ६०, क्रोमियम ६०, अँटिमनी ६०, बेरियम १०००, सेलेनियम ५००. प्रयोगशाळेत खेळण्यावरचा रंग पात्यानं खरवडतात, बारीक करून चाळतात आणि अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. तापमान ३७ अंश. एक तास हलवत ठेवायचं, एक तास स्थिर ठेवायचं, मग गाळून त्या पाण्यात किती धातू उतरला ते यंत्रावर मोजायचं. लेकराच्या पोटात पापुद्रा गेला तर जठरात काय होईल, त्याचीच ही नक्कल. बोटानं रंगवायच्या रंगांचा भाग वेगळा आहे, त्यातल्या मर्यादा आणखी कडक आहेत, कारण ती बोटं तोंडात जाणारच.

नववा भाग थॅलेट्सचा. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करायला ही तेलकट रसायनं मिसळतात. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधानं जोडलेली नसतात, म्हणून चोखताना लाळेत उतरतात. दाबलं की आवाज करणारी बदकं, मऊ बाहुल्यांची डोकी, चोखायच्या रिंगा यांत हा धोका जास्त. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ही रसायनं ढवळाढवळ करतात. मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे. स्वस्त मालात ती पाळली आहे की नाही, हे घरी बसून कळायला मार्ग नाही. शिसं ओळखायला म्हणून बाजारात रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात, त्यांच्यावर विसंबून लेकराच्या हाती खेळणं देऊ नका.

सिपनाकाठ

मी मेळघाटात आरोग्य सेविका आहे. माझं म्हणणं आपल्या भागातल्या लेकरांपुरतं.

तोंडावाटे शिसं गेलं तर लहान मूल ते मोठ्या माणसापेक्षा चार-पाचपट जास्त शोषून घेतं. ज्या लेकराच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचं शरीर तर शिसं अजूनच ओढून घेतं. आता आपली परिस्थिती पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. म्हणजे तोच रंगाचा पापुद्रा शहरातल्या धष्टपुष्ट पोरापेक्षा आमच्या धारणी-चिखलदऱ्यातल्या लेकराला जास्त बाधणार. आणि निनावी खेळणी येतात तीही आमच्याचकडे, कारण दुसरी परवडत नाहीत. माझा खरा राग आहे तो याचा.

शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. त्रास लगेच दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. लेकरू चिडचिडं होतं, पोट दुखतं म्हणतं, शाळेत मागे पडतं, आणि आपण म्हणतो पोरगं ढ आहे. मेंदूचं झालेलं नुकसान पुन्हा भरून येत नाही.

घाबरवायला लिहीत नाही. करण्यासारखं सांगते. खेळून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात. लोहाचं सिरप आम्ही आठवड्यातून दोनदा १ मिली देतो, ते टाळू नका. पुष्कळ आया जुलाब होतील म्हणून बाटली कपाटात ठेवतात. रंग सुटलेलं खेळणं लहानग्याच्या हातून काढून घ्या.

आणि विषय थोडा वेगळा आहे तरी लिहिते. चमकणाऱ्या, गाणं वाजवणाऱ्या स्वस्त खेळण्यांत चपटी बटण बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, एक्स-रेची सोय असलेला दवाखाना गाठा. बॅटरीचं झाकण पेचकसाशिवाय उघडत असेल तर ते खेळणं घरात आणूच नका.

चौकातलं_दुकान

तालुक्याले माझं जनरल स्टोअर हाय, म्हणून इकणाऱ्याची बाजू सांगतो. माल येते ठोक बाजारातून. पेटीत शंभर नग, वर एक कच्चा कागद. कंपनी कोणती म्हणून इचारलं त म्हणते, "घ्यायचं असन त घ्या, मांगं लाइन लागली." शिक्क्याचा माल घेतला त तेच बदक चार-पाचपट भावात पडते. मंग गिऱ्हाईक म्हणते, बाजारात तीस रुपयाले भेटते, तुमी दीडशे काहून सांगता?

मी स्वतः आता पेटीवर शिक्का पाहूनच घेतो. पण माह्या दुकानासमोर ताडपत्री टाकून तोच निनावी माल खपते, अन् तपासणीवाले कधी आले त ते माह्याच दुकानात येतीन, कारण माह्यावर पाटी हाय. हे बी कोणी ध्यानात घ्या.

काळा_कोट

दुकानदार भाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. आता कायदा नीट समजून घेऊ.

भारतीय मानक ब्युरो अधिनियम २०१६, कलम १७. ज्या वस्तूला चिन्ह सक्तीचं आहे ती चिन्हाशिवाय बनवणं, आयात करणं, वाटणं, विकणं, भाड्यानं देणं, साठवणं आणि विक्रीसाठी मांडणं, सगळं निषिद्ध. "मी फक्त ठेवलं होतं, विकलं नाही" हा बचाव चालत नाही. कलम २९ मध्ये शिक्षा: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान २ लाख रुपये आणि पुढच्या गुन्ह्यांना किमान ५ लाख दंड, तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, किंवा कैद आणि दंड दोन्ही. ताडपत्रीवाल्यालाही हे लागू आहेच. पण माझं स्पष्ट मत आहे की तक्रार ताडपत्रीवाल्यापाशी थांबवू नये. तो बिचारा परगावाहून आलेला, हातावर पोट असलेला. त्याच्यावर दंड लावून उद्या तिथे दुसरा येऊन बसेल. त्याला माल कोण देतो, हे तक्रारीत आलं तर मुळाशी जाता येतं.

दुसरं हत्यार म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागायचा हक्क त्यात पहिल्यांदा स्वतंत्र प्रकरण करून दिला. कलम ८६ वाचा. वस्तू बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर विकणारा जबाबदार धरला जातो. निनावी माल विकणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दुकानात लिहून ठेवावं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. माल तपासायची गरज असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

बिल मागाच. बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बाजारात बिल मिळणार नाही हे मलाही ठाऊक आहे. निदान दुकानाचा, खेळण्याचा आणि पैसे दिल्याच्या मोबाइल नोंदीचा फोटो ठेवा.

सुताराच्या प्रश्नाचं सावकाश लिहितो, त्यात थोडी गुंतागुंत आहे.

रंधा_पटाशी

सावकाश नको वकीलसाहेब, लवकर लिहा, कारण तो सुतार म्हणजे माझे वडील.

आमच्याकडे वर्षभर दारं-खिडक्या, वखर-डवरे, आणि पोळ्याच्या आधी महिना-दीड महिना नंदी. शिवण, आंबा, सागाचे उरलेले तुकडे. बारक्या नंद्याला चाकं धरून अर्धा दिवस जातो. त्यावर आयएसआयचा परवाना घ्या, घरात प्रयोगशाळा उभी करा म्हटलं तर वडील पटाशी खाली ठेवतील आणि तान्ह्या पोळ्याला पोरं कारखान्यातले प्लास्टिकचे बैल ओढतील. दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून चालत आलेला हा सण, त्याचा शेवट असा व्हावा का? रंग आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून आणतो, सगळे आणतात तोच. त्यात काय आहे हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही.

वर्धाकाठ

@रंधा_पटाशी, दादा, तुमची भीती मनापासून समजते. धागा काढताना माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या वडिलांसारखीच माणसं होती. म्हणूनच विचारलं.

काळा_कोट

तर सुताराबद्दल. डिसेंबर २०२० मध्ये या आदेशात दुरुस्ती झाली. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना, चिन्हाच्या सक्तीतून सूट मिळाली. म्हणूनच कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी किंवा आपल्या सीमेपलीकडच्या तेलंगणातल्या निर्मलची खेळणी आयएसआय नसतानाही कायदेशीर विकली जातात.

तेव्हा वडिलांचं कारागीर ओळखपत्र काढा, त्याला पहचान कार्ड म्हणतात. आधार लागतं, हस्तकलेचा पुरावा लागतो. सूट नोंद केलेल्या कारागिराला आहे, सुताराला सरसकट नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि नंदी ही शोभेची वस्तू आहे, खेळणं नाही, असा युक्तिवाद कोणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नका. आदेशाच्या व्याख्येत "मुलांच्या खेळासाठी, मग तो एकमेव उपयोग असो वा नसो" असा अर्थ आहे. चाकं लावलेला, दोरीनं ओढायचा नंदी त्यात सरळ बसतो.

शेवटचं, आणि हे कडू लागेल. सूट आहे ती चिन्हातून. लेकराला बाधेल असा रंग लावायची सूट कोणालाही नाही. ग्राहक कायद्याची जबाबदारी कारागिरावरही राहते. म्हणून रंगाचं तेवढं बघाच. @प्रयोगवही सर सांगतील.

वऱ्हाडी_आजोबा

रंगाचं म्हणाल त आमच्या लहानपणी हे डबे-बिबे नव्हते. बैलाच्या शिंगाले हिंगूळ, बेगड. लाकडी नंद्याले शेंदूर अन् तेल. सारं नैसर्गिक. तेच पुन्हा सुरू करा ना, कायद्याची गरजच पडनार नाही.

प्रयोगवही

आजोबा, नमस्कार. तुमचा मान राखून सांगतो, शेंदूर लेकराच्या खेळण्याला अजिबात नको. खरा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. दोन्ही खाणीतून, भट्टीतून आलेले, जुने, परंपरेतले. आणि आज ज्या आठ धातूंवर मर्यादा आहे त्यातले दोन तेच. तान्ह्या पोळ्याला आपण नंद्याची पूजा करतो, शेंदूर-गुलाल लावतो, आणि संध्याकाळी तोच नंदी लेकराच्या अंथरुणात जातो. पूजा करा, पण कुंकू-शेंदूर नंद्याच्या पाटावर किंवा सुपारीवर वाहा. लावलाच असेल तर लेकराच्या हाती द्यायच्या आधी ओल्या फडक्यानं नीट पुसा आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका.

@रंधा_पटाशी, आता रंगाचं. घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशाबद्दल २०१६ चे नियम आहेत, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू. शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही आणि डब्यावर तसं छापावं लागतं. ही मर्यादा एकूण शिशाची आहे, खेळण्यांच्या मानकातली विरघळणाऱ्या शिशाची. म्हणजे या डब्यातला रंग शिशाच्या बाबतीत खेळण्यालाही पास होईल. पण हे नियम औद्योगिक रंगांना लागू नाहीत. ट्रॅक्टर, ट्रॉली, लोखंडी फाटक, यंत्रं यांच्यासाठीचा पिवळा आणि लाल इनॅमल वेगळा. चकचकीत पिवळा बहुतेक वेळा लेड क्रोमेटमधून येतो, त्यात शिसं आणि क्रोमियम दोन्ही. तुमच्या वडिलांना एवढंच सांगा: सीलबंद डबा, घरगुती रंग, वर ९० पीपीएम लिहिलेलं. मोजून दिलेला सुट्टा रंग नको, ट्रॅक्टरचा उरलेला तर मुळीच नको.

त्याहून चांगला उपाय आपल्याच शेतात आहे. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा हात द्यायचा. पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात, म्हणून आखाडातच सुरुवात हवी. दुकानात "उकळलेलं" म्हणून मिळतं ते घेऊ नका. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून भुशात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा, मग उघड्यावर पसरून वाळवा.

रंधा_पटाशी

सर, हे आधी कोणी सांगितलं असतं तर! वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांचे वडील औताला जवसाचं तेल द्यायचे, ते त्यांना ठाऊक आहे. शिंगं, तोंड आणि शेपूट यांना नुसतं तेल, पाठीवरची झूल तेवढी डब्यातल्या रंगानं, असं करून बघतो म्हणाले. गिऱ्हाईक लाल शिंगं मागतं हा प्रश्न आहे. बिनरंगी शिंगाचा नंदी अर्धवट वाटतो लोकांना.

सिपनाकाठ

शिंगाला रंगीत लोकर गुंडाळा, दादा. आमच्याकडे कोरकू बाया मुलांच्या काठ्यांना गुंडाळतात. घट्ट गाठ मारा, लोंबता धागा ठेवू नका.

अंगणवाडीताई

मी अंगणवाडी सेविका. सगळं वाचलं, माझ्या कामाचं निघालं. आमच्याकडे खेळणी तीन वाटांनी येतात. सरकारी संच, ग्रामपंचायतीच्या निधीतून खरेदी, आणि दात्यांकडून. वाढदिवसाला कोणी बॉल आणतं, कोणी डॉक्टर सेट. दात्याला नाही कसं म्हणायचं? पण माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची पोरं आहेत, आणि बहिणीच्या कडेवर येणारी त्याहून लहानही. सगळं तोंडात जातं. ग्रामपंचायत खरेदी करते तेव्हा कोटेशनमध्ये सगळ्यात कमी दर पाहतात, शिक्का कोणी पाहत नाही.

आणि बोजाऱ्याचं काय? तान्ह्या पोळ्याला लेकरं घरोघर नंदी फिरवतात तेव्हा पूर्वी पैसे, खाऊ मिळायचा. आता मंडळं ठोकानं पिपाण्या आणि गाड्या आणून वाटतात. फुकट वाटलेलं असतं म्हणून त्याला कायदा नाही का?

काळा_कोट

आहे. कलम १७ मध्ये "विकणं"च्या बरोबरीनं "वाटणं" हा शब्द आहे. मंडळावर लगेच कोणी खटला भरेल असं नाही म्हणत, पण मंडळाला समजावताना हा मुद्दा हाताशी असू द्या. सगळ्यात बरं म्हणजे बोजाऱ्यात वह्या, पेन्सिली, शेंगदाण्याचे लाडू द्या.

ग्रामपंचायतीच्या खरेदीचं तर फारच सोपं आहे. मागणीपत्रात एक ओळ घालायची: "खेळण्यांवर आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक असणे बंधनकारक." मग कमी दर आपोआप चिन्हवाल्या मालातूनच निवडला जाईल.

वर्धाकाठ

चिन्ह खरं की खोटं हे कसं पाहायचं ते मी करून पाहिलं, लिहिते. तालुक्याच्या एका दुकानातून ठोकळ्यांचा डबा घेतला. त्यावर आयएसआयचं चिन्ह, चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एल आणि पुढे आकडे, म्हणजे परवाना क्रमांक. मोबाइलमध्ये बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप घेतलं, त्यात परवाना तपासायची जागा आहे, तिथे ते आकडे टाकले. परवाना कोणाच्या नावावर, कारखान्याचा पत्ता, मानक कोणतं, परवाना चालू आहे की नाही, सगळं समोर आलं. डब्यावरचं नाव आणि अ‍ॅपमधलं नाव जुळलं.

त्याच दुकानात दुसऱ्या एका बाहुलीच्या खोक्यावर चिन्ह होतं, पण वर-खाली आकडा कुठेच नाही. दुकानदाराला दाखवलं. त्याने खरंच पहिल्यांदाच पाहिलं असावं, त्याने खोकं काउंटरखाली ठेवून दिलं. अ‍ॅपमधून फोटोसह तक्रार टाकली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. मराठीत बोलायचं असेल त्यांनी १९१५ वर फोन करावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलता येतं. ज्या बायांना अ‍ॅप जमत नाही त्यांच्यासाठी हे बरं.

चौकातलं_दुकान

ताई, ह्या आकड्याची गोष्ट मले बी नीट माहीत नव्हती. आज दुकानातला सारा माल काढून पाह्यला. आकडा नसलेली खोकी बाजूले काढली, ठोकवाल्याले वापस करतो म्हणून फोन लावला. तो वापस घ्याले नाही म्हणते. म्हणलं, मंग तुह्या दुकानाचं नाव टाकूनच तक्रार करतो, कच्चा कागद हाय माह्यापाशी. तवा कुठं "पाठवून द्या" म्हणला.

बाकीच्या दुकानदारांले बी सांगतो. पण एकट्या दुकानदारानं शिक्का पाळला अन् बाजार तसाच राह्यला, त आमचंच नुकसान. बाजाराचं कोण पाह्यनार?

अंगणवाडीताई

बाजाराची वसुली ग्रामपंचायतीची आहे ना? बसायला जागा तीच देते. मग ग्रामसभेत विषय घेऊ या. पोळ्याच्या आधीच.

काळा_कोट

घ्या. मात्र मर्यादा ओळखून. ग्रामपंचायत मानक ब्युरोचं काम करू शकत नाही, पण बाजारात फलक लावू शकते, दवंडी देऊ शकते, ठेकेदाराला सूचना देऊ शकते. संपूर्ण विदर्भासाठी ब्युरोचं शाखा कार्यालय नागपूरला आहे. तिथली माणसं दर गावच्या बाजारात येणं शक्य नाही. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी पत्र गेलं तर त्याला वेगळं वजन असतं.

वर्धाकाठ

अर्जाचा मसुदा टाकते. चुका काढा.

"मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस. विषय: आठवडी बाजारातील व अंगणवाडीतील खेळण्यांबाबत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आपल्या बाजारात चिन्ह नसलेली, उत्पादकाचे नाव नसलेली खेळणी उघड विकली जातात. तरी विनंती की, बाजारात याबाबत मोठा फलक लावावा व पोळ्याआधीच्या बाजारांत दवंडी द्यावी. असा माल आढळल्यास जप्त करावा. अंगणवाडी व शाळेसाठी खेळणी घेताना चिन्ह व परवाना क्रमांक पाहूनच घ्यावीत. तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्यात प्लास्टिकची खेळणी वाटू नयेत असे मंडळांना कळवावे. गावातील नंदी बनवणाऱ्या कारागिरांची नावे काढून त्यांना पहचान कार्डासाठी मदत करावी."

काळा_कोट

चांगला झाला आहे. दोन दुरुस्त्या. "जप्त करावा" काढून टाका. झडती-जप्तीचा अधिकार ब्युरोच्या अधिकाऱ्यांना आहे. ग्रामपंचायतीनं माल उचलला तर उलट तिच्यावरच तक्रार व्हायची. त्याऐवजी लिहा: "असा माल आढळल्यास फोटो व पुरवठादाराच्या माहितीसह मानक ब्युरोच्या नागपूर शाखेस लेखी कळवावे." दुसरं, कारागिरांचं कलम शेवटी आहे ते पहिल्या क्रमांकावर घ्या. ग्रामसभेत सुतारवाडी बसलेली असते. आपण त्यांच्या विरोधात नाही, हे पहिल्याच वाक्यात ऐकू आलं तर बाकीचा ठराव सोपा होईल.

रंधा_पटाशी

वडील येतो म्हणाले ग्रामसभेला. दोन नंदी सोबत आणतील, एक तेलाचा आणि एक मागच्या वर्षीचा रंगवलेला. नख लावून सगळ्यांना दाखवतील.

सिपनाकाठ

हाच मसुदा वापरून आमच्याकडेही देते. वर्धाकाठ, परवानगी आहे ना?

वर्धाकाठ

ताई, परवानगी कसली, सगळ्यांनीच वापरा. दुरुस्त केलेला मसुदा रात्री टाकते.

काळा_कोट

दोन प्रतींवर द्या आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय ग्रामपंचायतीतून बाहेर पडू नका.